मोटारीचा हीटर गळतो तेव्हा

विजयादशमीच्या सायंकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात सीमोल्लंघनाचा सोहळा भरतो, तेव्हा शमीपूजनासाठी येणाऱ्या छत्रपती घराण्याच्या मेबॅक मोटारीकडे लहानथोरांचे डोळे लागलेले असतात. राजाराम महाराजांच्या काळातील ही जर्मन बनावटीची गाडी आजही स्वतःच्या चाकांवर चौकात येते, याचे कौतुक शेजारच्याच दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये शिकून गेलेल्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी केले असेल. मात्र जुनी मोटार राखणे म्हणजे तिचा रंग आणि पितळी भाग चकाकत ठेवणे नव्हे. तिचे खरे आयुष्य बॉनेटखालच्या रबरी नळ्यांत, पितळी जाळ्यांत आणि पायाखालच्या सतरंजीच्या आत, म्हणजे कोणाचीही नजर जात नाही अशा ठिकाणी ठरत असते. अशाच एका दुर्लक्षित अवयवाचा, मोटारीतील हीटरचा, विचार येथे करावयाचा आहे.

राजवाड्यातील मोटारी सोडल्या तरी कोल्हापूर परिसरात जुन्या गाड्या जपणारी घरे पुष्कळ आहेत. कुठे आजोबांची मॉरिस, कुठे वडिलांनी घेतलेली अँबेसिडर, तर कुठे फियाट. यांपैकी फियाटचे नाते आपल्या समाजाशी विशेष जवळचे आहे. सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे फियाट ११०० या मालिकेच्या गाड्या तयार झाल्या आणि तीच गाडी १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने घराघरांत पोहोचली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेली अँबेसिडर ही इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डची भारतीय बहीण. तिचे उत्पादन बंगालमधील उत्तरपाडा येथे मे २०१४ पर्यंत चालले.

त्या काळी इंग्लंडमध्येसुद्धा हीटर हा बहुतेक साध्या मोटारींत वेगळे पैसे मोजून बसवून घेण्याचा भाग होता. आपल्याकडे तर ती चैनच मानली गेली आणि अनेक गाड्या हीटरविनाच रस्त्यावर आल्या. याचा एक गमतीदार परिणाम १९९३ मध्ये दिसला. अँबेसिडर 'फुलबोर मार्क १०' या नावाने ब्रिटनमध्ये नेण्यात आली, तेव्हा तिथल्या नियमांत बसण्यासाठी तिला मागाहून हीटर आणि सीटबेल्ट जोडावे लागले. गाड्या अगदी मोजक्याच खपल्या आणि आयात करणाऱ्या कंपनीचे दिवाळे निघाले, ही गोष्ट निराळी.

ज्या गावात पौष महिन्यातही अंगावर एक शाल पुरते, तेथे हीटर हवाच कशाला, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर गगनबावड्याच्या किंवा आंबोलीच्या वाटेवर आषाढात मिळते. बाहेर मुसळधार पाऊस, आत चार माणसांचे उच्छ्वास. समोरची काच आतून धुरकट होते आणि वळणावरचा कठडा दिसेनासा होतो. फडक्याने पुसलेली काच दोन मिनिटांत पुन्हा धूसर होते. हीटरची कोरडी, उष्ण हवा काचेवर सोडली की ती धूसरता ओसरते. कोल्हापूरकराच्या दृष्टीने हीटर हे ऊब देणारे नव्हे, तर वाट दाखवणारे साधन आहे. त्याचा आणखी एक गुण जुने चालक जाणतात. घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकू लागला, तर हीटर पूर्ण उघडावा. तो एका लहान रेडिएटरचे काम करतो आणि इंजिनातील काही उष्णता बाहेर काढतो. आतल्यांना घाम फुटतो खरा, पण इंजिन वाचते.

हीटर म्हणजे प्रत्यक्षात एक छोटा रेडिएटरच. पितळेच्या बारीक नळ्या आणि त्यांना झाळलेल्या तांब्याच्या पातळ पट्ट्या यांची ती जाळी असते. इंजिनात तापलेले पाणी दोन रबरी नळ्यांमधून, इंजिन आणि बैठक यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीतून आत येते, जाळीतून फिरते आणि परत जाते. मागून पंखा हवा ढकलतो. पाणी येऊ द्यायचे की नाही, हे एक छोटा कॉक ठरवतो. (जुन्या फोक्सवॅगन बीटलची रचना मात्र वेगळी आहे. तिचे इंजिन हवेने थंड होते आणि हीटर धुराच्या नळीभोवतालची उष्णता घेतो. तेथे पाण्याऐवजी विषारी वायू आत येण्याचा धोका असतो, म्हणून तिची दुरुस्तीही वेगळी.)

गंमत अशी की, जी वस्तू वापरलीच जात नाही तीच अधिक लवकर कुजते. कोल्हापुरात हीटरचा कॉक वर्षानुवर्षे बंद राहतो. जाळीत साठलेले पाणी फिरत नाही, त्यातील गाळ तळाशी बसतो आणि गंज आतून पितळ व झाळ पोखरत राहतो. त्यात पूर्वी रेडिएटरमध्ये सरसकट विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी घातले जाई. त्याच्या क्षारांचे थर नळ्यांत चढत. मग एखाद्या दिवशी घाट चढताना पाण्याचा दाब वाढतो आणि थेंब सुटतो. रेडिएटरचे झाकण मुद्दामच पाणी दाबाखाली ठेवते. दर चौरस इंचाला १ पौंड दाब वाढला की पाण्याचा उकळबिंदू सुमारे ३ अंश फॅरनहाइटने वर जातो. म्हणजे ७ पौंडांचे झाकण पाण्याला जवळपास २१ अंशांची सवलत देते. ही सवलत जुन्या, क्षीण झालेल्या जाळीला सोसवत नाही.

गळती सुरू झाल्याचे पहिले लक्षण बहुधा नाकाला कळते. गाडीत गोडसर वास येतो. समोरच्या काचेवर आतून तेलकट पापुद्रा चढतो आणि तो ओल्या फडक्याने निघण्याऐवजी पसरतो. शेजारच्या आसनापुढची सतरंजी ओली लागते. गाडीखाली थेंबही दिसत नाही, पण रेडिएटरमधील पाणी मात्र कमी होत राहते. पावसाळ्यात हे ओळखणे अवघड होते, कारण काचेच्या जीर्ण रबरातूनही पाणी आत झिरपते. अशा वेळी पांढरा कागद त्या ओलीवर दाबून पाहावा. पावसाचे पाणी असेल तर कागद काही वेळात वाळून कोरडा होतो. कूलंट असेल तर डाग रंगीत, बोटांना बुळबुळीत लागणारा आणि लवकर न वाळणारा राहतो.

येथे बहुतेकांची पावले सोप्या मार्गाकडे वळतात. हीटरच्या दोन्ही नळ्या काढायच्या, इंजिनाकडची दोन टोके एकमेकांस जोडून टाकायची आणि विषय संपवायचा. प्रवासात गळती सुरू झाली तर घरी पोहोचण्यापुरता हा उपाय अवश्य करावा. पण तो कायमचा ठेवणे म्हणजे तोट्याची बाब हिशेबातून नुसती वगळणे होय. ताळेबंद त्याने सुधारत नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल करून ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी देऊ केली. त्यांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. पद्मिनीच्या नावाला आता ५० वर्षे उलटून गेली. गाडीतील एकेक मूळ भाग काढून टाकणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

दुसरा सोपा मार्ग हळदीचा. गळक्या रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकण्याची युक्ती आपल्याकडचे ट्रकचालक पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत आणि वाटेत ती उपयोगीही पडते. हळदीचे कण छिद्रात जाऊन फुगतात. मात्र रेडिएटरच्या रुंद नळ्यांत जे खपून जाते ते हीटरच्या बारीक नळ्यांत खपत नाही; छिद्रासोबत वाटही बुजते. सांगलीची हळद कितीही नामांकित असली तरी तिची जागा स्वयंपाकघरातच चांगली.

दुरुस्तीचा खरा मार्ग वेळखाऊ आहे, कठीण नाही. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडल्याने चेहरा आणि हात भाजल्याच्या घटना नव्या नाहीत. बॅटरीची ऋण तार सोडवावी. खाली रुंद परात किंवा ट्रे ठेवून रेडिएटरचा तळाचा कॉक उघडावा आणि सगळे पाणी त्यात घ्यावे. हीटरच्या तोंडावर घट्ट बसलेली जुनी रबरी नळी पिळून ओढू नये. आतील पितळी तोंड पातळ असते आणि ते नळीबरोबरच उपटून येते. नळी नवीनच घालायची असल्याने ती धारदार पात्याने लांबीत चिरून सोलावी. जाळी बाहेर काढण्यापूर्वी तिची दोन्ही तोंडे बुचांनी बंद करावीत, नाही तर तिच्यात उरलेले पेलाभर पाणी नेमके आसनावर सांडते. तारा आणि केबली कोठून कोठे जातात याचे छायाचित्र घेऊन ठेवावे. आठवणीवर भिस्त ठेवणारे पुढे दोन दिवस डॅशबोर्डखाली उताणे पडलेले आढळतात.

हीटरची पेटी उघडताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. वर्षानुवर्षे न वापरलेल्या हवेच्या वाटांत कुंभारमाशीची मातीची घरे असतात, कोठे पालीची अंडी, कोठे उंदराने कापूस ओढून केलेले बाळंतपण. हवेचा झोत मारण्यापूर्वी विजेरीने आत नीट पाहावे, जिवंत काही असेल तर ते अलगद बाहेर ठेवावे आणि मगच झाडझूड करावी. आपल्या घरांतून ज्याला यत्नाचार म्हणतात तो गॅरेजमध्येही पाळता येतो.

काढलेली जाळी प्रथम उलट दिशेने, मंद धारेच्या पाण्याने धुवावी. इंजिनाच्या दिशेने आलेला गाळ उलट धारेनेच सुटतो. क्षार जास्त असतील तर लिंबूसताच्या सौम्य द्रावणात काही वेळ ठेवून नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी. मग एक तोंड बंद करून, दुसऱ्यातून सायकलच्या पंपाने अगदी हलका दाब देऊन ती बादलीत बुडवावी. बुडबुडे जेथून निघतात ती जागा खुणेने दाखवावी. शिवाजी उद्यमनगराची ओतकामे आणि यंत्रशाळा यांचे नाव दूरवर आहे; त्या हातांच्या गावात पितळी जाळी झाळून देणारा कारागीर शोधावा लागत नाही. एक-दोन ठिकाणची गळती झाळून भागते. मात्र जागोजागी बुडबुडे निघत असतील तर त्याच पेटीत नवी जाळी बसवून घेणे श्रेयस्कर, कारण या कामात झाळण्यापेक्षा डॅशबोर्ड सोडवण्या-बसवण्याचे श्रम अधिक असतात आणि ते दोनदा करणे कोणालाच परवडत नाही. त्याच विचाराने कॉक, दोन्ही नळ्या, क्लिपा आणि पेटीभोवतालची फेल्टची पट्टी एकदमच नवी घालावी.

पुन्हा पाणी भरताना हीटरचा कॉक उघडा ठेवावा आणि गाडीचे तोंड किंचित चढावर असावे, म्हणजे अडकलेली हवा वर येते. कूलंट आणि शुद्ध केलेले पाणी निम्मे-निम्मे घ्यावे. आपल्याकडे पाणी गोठण्याचे भय नाही, म्हणून साधे पाणीच पुरे असे अनेकांना वाटते. पण कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्ये असतात आणि ती गोठण-रोधाइतकीच मोलाची आहेत. जुन्या पितळी, झाळकामाच्या गाड्यांना पारंपरिक प्रकारचे कूलंट मानवते. नव्या गाड्यांसाठीची सर्वच कूलंट त्यांना चालतात असे नाही, आणि बाटलीतील द्रवाच्या रंगावरून प्रकार ठरवू नये.

येथवरचे काम मिस्त्री मन लावून करतात. हयगय होते ती पुढे. गाडी सुरू झाली, गळती थांबली, की परातीतले हिरवे पाणी सरळ गटारात जाते आणि ओली सतरंजी अंगणात वाळत पडते. वास्तविक या सगळ्या प्रकरणातील सर्वांत गंभीर भाग हाच आहे.

कूलंटमधील मुख्य द्रव्य म्हणजे एथिलीन ग्लायकॉल. ते चवीला गोड आणि पोटात गेल्यास घातक. शरीरात त्याचे ऑक्झॅलिक आम्ल बनते, कॅल्शियमशी मिळून त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात आणि मूत्रपिंडे बंद पडतात. मांजरासाठी घातक मात्रा वजनाच्या दर किलोस सुमारे १.४ मिलिलिटर मानली जाते. म्हणजे ४ किलोच्या मांजरास निर्भेळ कूलंटचा चहाच्या चमच्याहून किंचित अधिक भाग पुरतो. कुत्र्यास दर किलोस ४ ते ७ मिलिलिटर. गोडी असल्याने ती जनावरे ते आपण होऊन चाटतात आणि पावसाळ्यात गाडीखालचा आडोसा ही त्यांची नेहमीची जागा. पहिल्या काही तासांत जनावर झिंगल्यासारखे चालते, ओकते, खूप पाणी पिते. नंतर ते सुधारल्यासारखे वाटते आणि घरचे निश्चिंत होतात. तेवढ्यात मूत्रपिंडांची हानी पुढे गेलेली असते. मांजरास ३ तासांच्या, कुत्र्यास ८ तासांच्या आत पशुवैद्याचे उपचार मिळाले तरच आशा असते. विचित्र वाटेल, पण या विषावरचा एक जुना उतारा म्हणजे शिरेतून दिलेला मद्यार्क, कारण तो ग्लायकॉलचे विषात रूपांतर होऊ देत नाही. अर्थात हा उपचार वैद्यकानेच करावयाचा. घरी प्रयोग करू नयेत.

माणूसही यातून सुटलेला नाही. १९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषधी ग्लिसरीनमध्ये याच कुळातले डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले निघाले आणि १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. अमेरिकेत ऑरेगन राज्याने १९९१ मध्ये कूलंटमध्ये कडवट द्रव्य मिसळणे बंधनकारक केले आणि नंतर कॅलिफोर्नियानेही तोच मार्ग धरला. आपल्याकडे डब्यावर कडवट द्रव्याचा उल्लेख आहे का, हे घेणाऱ्याने वाचून पाहावे.

म्हणून सफाईचा क्रम ठरलेला असावा. हातमोजे घालावेत. मुले आणि जनावरे यांना जवळ येऊ देऊ नये. जमिनीवर सांडलेल्या कूलंटवर आधी पाणी ओतू नये. त्याने ते पसरते. लाकडाचा भुसा किंवा जुनी फडकी टाकून ते शोषून घ्यावे, ती बंद पिशवीत भरावीत आणि मगच जागा साबणाच्या पाण्याने धुवावी. गाडीतील आसने आणि सतरंजी बाहेर काढावी. सतरंजीखालचा फेल्ट कूलंट पिऊन जड झालेला असतो. तो कितीही धुतला तरी आत ओल धरतो आणि तळाचा पत्रा गंजवतो, म्हणून त्याची माया सोडून नवा घालावा. सतरंजी मात्र वाचते. ग्लायकॉल पाण्यात पूर्ण मिसळते, त्यामुळे कोमट पाणी आणि साबण यांनी पुन्हापुन्हा धुतली, बोटाला बुळबुळीतपणा लागेनासा झाला, की ती निवळली असे समजावे. वाळत घालायची ती उंचावर, दोरीवर. अंगणात जमिनीवर नव्हे. पत्र्यावरचा गंज खरवडून त्यास गंजरोधक रंग द्यावा. समोरच्या काचेवरचा पापुद्रा साबणाने, नंतर पातळ व्हिनेगरने आणि शेवटी कोरड्या कागदाने काढावा. एका बैठकीत तो जात नाही.

उरले ते परातीतील पाणी आणि धुण्याचे पहिले गढूळ पाणी. जुन्या जाळीतून आलेल्या या पाण्यात झाळीचे शिसे आणि तांबे उतरलेले असते. ते गटारात गेले तर जयंती नाल्यासारख्या ओढ्यांवाटे पंचगंगेस मिळते, आणि ग्लायकॉल कुजताना पाण्यातील प्राणवायू शोषून घेतो. मासे आधी गुदमरतात. पंचगंगेच्या प्रकृतीची चर्चा कोल्हापुरात सदैव चालते, तिच्यात आपली पाच लिटरांची भर घालण्याचे कारण नाही. हे पाणी झाकणाच्या मजबूत डब्यात भरावे, त्यावर मोठ्या अक्षरांत 'विष' असे लिहावे आणि वापरलेले तेल व कूलंट गोळा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे द्यावे. शीतपेयाच्या जुन्या बाटलीत ते कधीही ठेवू नये. हिरवा किंवा गुलाबी गोड द्रव आणि तहानलेले मूल यांची गाठ पडायला एक दुपार पुरते.

दुरुस्ती झाल्यावर सतरंजी लगेच बसवण्याची घाई नको. उघड्या पत्र्यावर कोरडे वर्तमानपत्र अंथरून गाडी आठवडाभर चालवावी, त्यात एखादी फेरी घाटाची असावी, म्हणजे जाळीला पुरा दाब मिळतो. रोज सकाळी इंजिन थंड असताना रेडिएटरमधील पातळी पाहावी आणि कागद उचलून बघावा. पहिल्या दोन-तीन दिवसांत अडकलेली हवा निघून पातळी थोडी उतरते. त्याने गांगरू नये, भर घालावी. आठव्या दिवशी कागद कोरडा आणि पातळी स्थिर असेल तर सतरंजी घालावी. पुढे महिन्यातून एकदा, मग उन्हाळा का असेना, हीटरचा कॉक दहा मिनिटे उघडून पाणी फिरू द्यावे.